रस्ता सांभाळायचा कुणी, यावरून ठरलं रस्ता कुठं जाणार: व्हर्जिनियाचं प्रकरण

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २००९ साली एक नियम आला. बिल्डरने नवी कॉलनी टाकली आणि आतले रस्ते पुढे सरकारने सांभाळावेत असं त्याला वाटत असेल तर त्या रस्त्यांना बाहेर पडायला एकच तोंड असून चालणार नाही, आजूबाजूच्या रस्त्यांशी आणि शेजारच्या मोकळ्या जमिनीशीही ते जोडलेले पाहिजेत, नाहीतर रस्ते तुमचे, खड्डे तुमचे आणि हिवाळ्यात बर्फ काढायचं कामही तुमचंच. पावणेतीन वर्षांत हा नियम बराच सैल झाला. शहर पसरताना रस्त्यांची जोडणी का बिघडते, बिघडवतं कोण आणि सुधारायची किल्ली कुणाच्या खिशात असते, हे समजायला मला याच्याइतकं चांगलं प्रकरण दुसरं मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तिथली व्यवस्था

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गल्लीबोळातले रस्ते नगरपालिका किंवा काउंटी बघते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. व्हर्जिनियात मात्र १९३२ साली, मंदीच्या ऐन काळात, एक कायदा झाला आणि काउंट्यांचे रस्ते राज्य सरकारने आपल्याकडे घेतले, कारण काउंट्यांकडे पैसेच नव्हते. चार काउंट्या तेव्हा बाहेर राहिल्या, त्यातल्या आज फक्त आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोनच स्वतःचे रस्ते स्वतः बघतात. शहरांचं खातं वेगळं, त्यांचे रस्ते त्यांच्याकडे. पण शहराची हद्द संपली की पुढे जी उपनगरं पसरलीयत, तिथल्या अगदी दहा-बारा घरांच्या गल्लीचं डांबरसुद्धा राज्याच्या वाहतूक खात्याच्या गळ्यात.

आता यात मेख अशी की जमिनीचा लेआउट मंजूर करायचा अधिकार काउंटीकडेच राहिला. म्हणजे आराखडा काढणार बिल्डर, त्यावर शिक्का मारणार काउंटी, घरपट्टीही काउंटीलाच, घरं विकून पैसे बिल्डरला, आणि रस्ता एकदा ताब्यात घेतला की तो कायमचा सांभाळणार राज्य सरकार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशातली गत. खात्याचे इंजिनियर रस्त्याची जाडी, उतार, गटारं तपासायचे, पण तो रस्ता मुळात कुठून कुठं जातो हे विचारायची सोय जवळपास नव्हती. रस्ता नीट बांधलाय ना, मग घ्या ताब्यात.

कॉलनीचा नकाशा असा का होतो

शहराच्या जुन्या भागात रस्ते बहुतेक वेळा आधी आखले जातात आणि घरं नंतर भरत जातात, त्यामुळे चौक भरपूर आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला चार वाटा. पण शहर बाहेर सरकायला लागलं की हा क्रम उलटा होतो. आता शेतजमिनीचे तुकडे वेगवेगळ्या मालकांचे, ते विकले जातात वेगवेगळ्या साली वेगवेगळ्या बिल्डरला, आणि प्रत्येक बिल्डरचं जग त्याच्या कुंपणापर्यंतच. पहिला बिल्डर बांधतो तेव्हा शेजारी शेत असतं, तिकडे रस्ता न्यायचा तर कशाला, तिथे जायचंय कुणाला? मग त्या टोकाला तो आणखी एक प्लॉट पाडतो आणि विकतो. दहा वर्षांनी शेजारच्या शेतावर दुसरी कॉलनी येते, तोवर इकडे हद्दीला लागून घरं, अंगणं, झाडं सगळं उभं असतं. आता तिथून रस्ता काढायचा म्हणजे कुणाचं तरी घर पाडायचं, आणि ते कुणीच करणार नाही. त्यामुळे दुसऱ्या बिल्डरचंही तोंड मेन रोडलाच लागतं. तिसऱ्याचंही. अशा कॉलन्यांत दोन घरांची परसं एकमेकांना लागून असतात, तरी गाडीने एका घरातून दुसऱ्यात जायचं तर आधी मेन रोड गाठायचा, सिग्नलला थांबायचं आणि मग पुन्हा आत वळायचं.

हे आकड्यांत मांडलं की जास्त कळतं. समजा एका कॉलनीला मेन रोडला लागणारं एकच तोंड आहे, आत एक सरळ रस्ता, त्याला पाच ठिकाणी फाटे, पाचही फाटे पुढे बंद आणि त्या सरळ रस्त्याचं टोकही बंद. आता रस्त्याचे तुकडे मोजा: तोंडापासून पहिल्या फाट्यापर्यंत एक, फाट्या-फाट्यांमधले चार, शेवटच्या फाट्यापासून टोकापर्यंत एक आणि पाच फाटे स्वतः, एकूण ११. मग सांधे मोजा, म्हणजे कॉलनीच्या आत जिथे रस्ते भेटतात किंवा संपतात ते बिंदू (मेन रोडवरचं तोंड यात धरायचं नाही): फाटे फुटतात ते पाच आणि बंद टोकं सहा, एकूण ११. तुकडे भागिले सांधे, उत्तर १. आणि गंमत म्हणजे कॉलनी कितीही मोठी करा, फाट्यांना फाटे काढा, पन्नास गल्ल्या करा, तोंड एकच असेल आणि आत कुठेही फेरा मारून परत येता येत नसेल तर उत्तर कायम १ च येणार, कारण प्रत्येक नव्या तुकड्यामागे एकच नवा सांधा वाढतो. दूरवर पसरलेल्या चौकोनी जाळीत हेच उत्तर २ च्या जवळ येतं. याला कनेक्टिव्हिटी इंडेक्स म्हणतात आणि पुढे या प्रकरणात सगळा वाद यावरूनच झाला.

बंद गल्ली आवडते, हेही खरं

बिल्डर वाईट आणि प्लॅनर शहाणे अशी ही गोष्ट नाहीये. १९२९ साली न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत बांधायला घेतली, क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी ती आखली होती, आणि गाड्यांपासून माणसं वेगळी ठेवायची म्हणून त्यांनी मुद्दाम बंद गल्ल्या ठेवल्या. पण त्याच आराखड्यात घरांच्या मागून पायवाटा होत्या, त्या मधल्या बागेत उघडायच्या, रस्त्याखालून बोगदा होता, म्हणजे पोराला एकही गाडी आडवी न येता शाळेत जाता यावं. मंदी आली आणि वसाहत अर्धवट राहिली ती राहिलीच. नंतर देशभरच्या बिल्डरांनी रॅडबर्नमधून काय उचललं? बंद गल्ली उचलली आणि पायवाटा टाकून दिल्या. पायवाटेला जमीन लागते आणि ती विकता येत नाही, हिशोब सरळ आहे.

त्यात १९३४ साली स्थापन झालेली केंद्राची गृहनिर्माण कर्जाला हमी देणारी संस्था १९३६ पासून आपल्या पत्रकांत चौकोनी जाळीला नाकं मुरडायला लागली आणि वळणावळणाचे रस्ते आणि बंद गल्ल्या चांगल्या म्हणून सांगायला लागली. कर्जाची हमी हवी तर आराखडा तसा काढा. बिल्डर शहाणा असतो, तो तसाच काढतो.

आणि राहणाऱ्यालाही ते आवडतंच. घरासमोरून परकी गाडी जात नाही, पोरं रस्त्यावर सायकल चालवतात, घराला भाव जास्त मिळतो. माझ्या मते या सगळ्या विषयात हाच मुद्दा सगळ्यात अवघड आहे, कारण इथे कुणी मूर्खपणा करत नाहीये. ज्याच्या-त्याच्या दारापुरतं बघितलं तर बंद गल्ली शहाणपणाचीच आहे. बिघडतं ते सगळ्यांनी मिळून ती निवडल्यावर, आणि तेव्हा त्याचं बिल कुणा एकाच्या नावाने येत नाही.

बिल येतं कुठं

पहिलं येतं मेन रोडवर. आतले रस्ते एकमेकांना भेटत नसल्यामुळे शाळा, दुकान, दवाखाना, मित्राचं घर, सगळ्या फेऱ्या त्या एकाच रस्त्यावर येऊन पडतात, अर्ध्या किलोमीटरच्या कामाला निघालेली गाडी आणि पन्नास किलोमीटर जाणारा ट्रक एकाच लेनमध्ये. मग रस्ता रुंद करा अशी ओरड होते, रस्ता चार लेनचा सहा होतो, सहा लेन झाल्या की तो चालत ओलांडायची कुणाची हिंमत होत नाही, आणि जे थोडेफार लोक चालत जायचे तेही गाडी काढतात. व्हर्जिनियाच्या खात्याचं खरं दुखणं हे होतं: आतल्या गल्ल्या रिकाम्या पडलेल्या, त्या सांभाळायच्याच, आणि वर मेन रोड रुंद करत बसायचं, तेही आपल्याच पैशांनी.

दुसरं बिल अग्निशमन आणि अँब्युलन्सचं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराने आपल्या फायर स्टेशनांचा अभ्यास केला होता. जुन्या, जोडलेल्या रस्त्यांच्या भागातलं एक स्टेशन ठरलेल्या वेळेत २६ हजारांहून जास्त घरांपर्यंत पोचत होतं, आणि बाहेरच्या बंद गल्ल्यांच्या भागातलं स्टेशन जेमतेम ६ हजारांच्या आत. दरडोई खर्च चौपटीहून जास्त. यातला सगळा फरक जोडणीचा नाही हे सांगायलाच हवं, जुन्या भागात घरंही दाट असतात, त्यामुळे हा आकडा कुणी तोंडावर फेकला तर जरा सांभाळून घ्या. पण स्टेशनच्या आवाक्यात येणारा नुसता परिसर मोजला तरी जोडलेल्या भागाचा मोठाच भरतो. आणि कॉलनीचं एकमेव तोंड झाड पडून किंवा अपघाताने बंद झालं तर आतल्या सगळ्यांचं काय, हा प्रश्न वेगळाच.

चालण्याचं म्हणाल तर त्यावर अभ्यास भरपूर आहेत. २०१० साली इविंग आणि सर्व्हेरो या दोन संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून सरासरी काढली, त्यात चौकांची घनता १० टक्के वाढली की चालणं साधारण ४ टक्के जास्त आणि रस्त्यांची जोडणी तेवढीच वाढली की गाडीने कापलेलं अंतर १ टक्क्याच्या थोडं वर कमी, असं निघालं. १ टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, पण रस्ता शंभर वर्षं तिथेच असतो, गाड्या दर पंधरा वर्षांनी बदलतात.

नियम आला

२००७ साली राज्याच्या विधिमंडळाने खात्याला सांगितलं की रस्ते ताब्यात घ्यायच्या अटी नव्याने लिहा, टिम केन तेव्हा गव्हर्नर होते. २००९ मध्ये त्या अटी लागू झाल्या. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते नाक खात्याच्या हातात आधीपासूनच होतं, फक्त दाबायचं कुणाला सुचलं नव्हतं. आराखडा मंजूर करायचा अधिकार राज्याकडे नव्हताच आणि तो काउंटीकडून काढून घ्यायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की तुम्हाला हवा तसा आराखडा काढा, पण आम्ही सांभाळायचं असेल तर आमच्या अटी.

मुख्य अट अर्थातच इंडेक्सची. दाट वस्तीच्या भागात १.६ आणि उपनगरी भागात १.४. आता वरच्या आपल्या कॉलनीवर हे लावून बघा. सहा बंद टोकं आहेत, त्यातलं एक उघडून बाहेरच्या रस्त्याला जोडलं की तो सांधा हिशोबातून जातो, तुकडा तसाच राहतो, म्हणजे ११ भागिले १०, उत्तर १.१. तीन टोकं उघडली तर ११ भागिले ८, म्हणजे १.३७५, १.४ ला थोडक्यात हुकलं. चार उघडली तर १.५७, उपनगरात पास, दाट भागात पुन्हा थोडक्यात नापास. पाच उघडली तर १.८३. म्हणजे बिल्डरला सहातली चार-पाच टोकं बाहेर काढावी लागणार. आतल्या आत दोन बंद टोकं एकमेकांना जोडून भागेल का? तसं केलं तर १० भागिले ९, म्हणजे १.११, फारसं काही हाती लागत नाही. सहाही टोकं अशी जोडी-जोडीने जोडली तरच ८ भागिले ५, म्हणजे १.६ येतं. थोडक्यात, या इंडेक्सची ओढ बाहेरच्या जोडणीकडे जास्त होती आणि आतल्या आत गोल गोल फिरवून तो गाठणं जास्त जड होतं, जे मला तरी योग्यच वाटतं.

नदी, रेल्वे, तीव्र उतार, प्रवेश बंद असलेला हायवे अशा ठिकाणी सूट होती. रस्ते अरुंद करायलाही परवानगी मिळाली, आधी ३६ ते ४० फुटांचे रस्ते होत होते, ते २४ ते २९ फुटांवर आणता येणार होते. हे दोन्ही एकत्र येणं महत्त्वाचं, कारण रस्ता जोडला की परक्या गाड्या येणार ही भीती खरी असते, आणि रस्ता ४० फुटी असेल तर त्या भरधाव येणार. अरुंद रस्त्यावर वेग आपोआप पडतो. (अग्निशमनवाल्यांना रुंद रस्ते आवडतात, २० फूट मोकळे सोडा हा त्यांचा नेहमीचा आग्रह, पण रुंद आणि बंद गल्लीपेक्षा अरुंद आणि दोन बाजूंनी उघडी गल्ली त्यांनाही परवडते, हे त्यांना पटवायला वेळ लागतो.)

पण मला या नियमातला सगळ्यात आवडलेला भाग आकड्यांचा नाहीच. शेजारी अजून शेत असेल तर रस्ता हद्दीपर्यंत नेऊन तिथे थांबवायचा, टोकाला प्लॉट पाडायचा नाही, आणि तिथे एक पाटी लावायची की हा रस्ता पुढे वाढणार आहे. आणि शेजारच्या कॉलनीने असं टोक ठेवलेलं असेल तर नव्या बिल्डरला त्याला जोडून घ्यावंच लागणार. पाटीला खर्च काहीच नाही. पण तिच्यामुळे घर घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं की समोरची गल्ली बंद वाटत असली तरी ती बंद नाहीये. नाहीतर काय व्हायचं, टोकाजवळचं घर माणूस बंद गल्ली म्हणून जास्त पैसे मोजून घ्यायचा, दहा वर्षांनी रस्ता पुढे न्यायला माणसं आली की आख्खी गल्ली विरोधात उभी राहायची, आणि लोकप्रतिनिधी मतं बघून जोडणी रद्द करायचे. कागदावर जोडलेले पण जमिनीवर गवत उगवलेले असे रस्ते सगळीकडे असतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा हेच.

मग सैल का झाला

बिल्डर लॉबीने विरोध केला हे सांगायला नको. जास्त जोडण्या म्हणजे जास्त डांबर आणि कमी प्लॉट. काही काउंट्याही कुरकुरल्या, त्यांचं म्हणणं आमच्या हद्दीतला आराखडा कसा असावा हे राज्याने मागच्या दाराने ठरवू नये. आणि जुने रहिवासी, ज्यांच्या शांत गल्लीला नवी कॉलनी येऊन जोडली जाणार होती, ते तर हमखास विरोधात.

पण काही आक्षेप रास्त होते. इंडेक्स हा नुसता भागाकार आहे, त्याला अंतर दिसत नाही. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराच्या मध्यभागातले ब्लॉक, म्हणजे दोन चौकांमधले तुकडे, २०० फुटांचे आणि सॉल्ट लेक सिटीचे ६६० फुटांचे, दोन्हीकडे चौकोनी जाळी, म्हणून इंडेक्स दोन्हीकडे जवळपास सारखाच येणार, पण चालणाऱ्या माणसाला विचारा फरक काय ते. सॉल्ट लेकचा एक ब्लॉक ओलांडेपर्यंत पोर्टलंडचे तीन होतात. चालणाऱ्याच्या दृष्टीने ब्लॉकची लांबी जास्त महत्त्वाची. पोर्टलंड परिसरातल्या प्रादेशिक संस्थेने तर भागाकाराच्या नादाला न लागता दर ५३० फुटांच्या आत रस्त्याची जोडणी हवी असं सरळ अंतरच लिहून टाकलं. शिवाय छोट्या तुकड्यावर बांधणाऱ्या बिल्डरला १.६ गाठणं फार जड जायचं, चारही बाजूंना आधीच घरं झालेली असतील तर जोडणार कुणाला? सूट मागा, अर्ज करा, फाइल फिरवा.

शेवटी २०११ च्या अखेरीस सुधारित नियम आले. भागांचे प्रकार गेले, इंडेक्सही गेला. त्याऐवजी साधी अट आली: किमान दोन जोडण्या, वेगवेगळ्या दिशांना, त्यातली एक चालू सरकारी रस्त्याला, आणि दुसरी तशाच दुसऱ्या रस्त्याला किंवा शेजारच्या मोकळ्या जमिनीकडे सोडलेल्या टोकाला. कॉलनी मोठी असेल तर दर वाढीव २०० घरांमागे आणखी एक जोडणी.

इंडेक्स गेल्याचं मला फार दुःख नाही. खटकतं ते दुसरंच. मोकळ्या जमिनीकडे सोडलेलं टोक ही दुसरी जोडणी धरली जाते, पण शेजारचा शेतकरी वीस वर्षं जमीन विकणारच नसेल तर? वीस वर्षं ती कॉलनी व्यवहारात एकतोंडीच राहणार. अर्थात वाट मोकळी राहिली हेही कमी नाही, घर बांधून बुजवलेल्या टोकापेक्षा पाटी लावलेलं टोक केव्हाही बरं.

मूळच्या कडक नियमाने काय साधलं हे मोजता येईल का? जवळजवळ नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत घरबांधणीच झोपलेली होती, त्यात आधी दाखल केलेले आराखडे जुन्या नियमातच बसवून घेतले होते. म्हणजे नियम पूर्ण ताकदीने लागू असलेल्या काळात त्याखाली बांधायला कॉलन्याच कमी होत्या. त्यामुळे कुणी नियम फसला म्हणत असेल किंवा यशस्वी झाला म्हणत असेल तर दोघांकडेही पुरावा तोकडा आहे.

मोठ्या चित्रात हे कुठं बसतं

बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या रस्त्यांचा १९२० ते २०१२ असा काळ लावून २०१५ साली अभ्यास मांडला. त्यांनी बघितलं की त्या-त्या वर्षी बांधलेल्या रस्त्यांच्या चौकात सरासरी किती रस्ते भेटतात. जोडणी बिघडायला सुरुवात झाली ती घरोघरी गाडी यायच्या बरीच आधी, ती बिघडत गेली आणि १९९४ च्या आसपास तळाला पोचली. तिथून पुढे नवे रस्ते पुन्हा जास्त जोडले जायला लागले, २०१२ पर्यंत या मापाने विस्कळीतपणा साधारण ९ टक्क्यांनी उतरला. म्हणजे व्हर्जिनियाचा नियम यायच्या आधीच वारं फिरलेलं होतं. सगळ्यात जास्त सुधारणा दिसली ती जिथे स्थानिक सरकारांनी जोडणीचे नियम केले होते तिथे. शार्लटनेही २००१ पासून तसे नियम आणले होते.

पण त्याच अभ्यासात एक कडू गोष्टही आहे. जो भाग सुरुवातीला विस्कळीत बांधला गेला तो पुढे वाढतानाही विस्कळीतच राहतो. कारण वर सांगितलं तेच, एकतोंडी कॉलनीला लागून आलेल्या कॉलनीला जोडायला काही नसतंच. एका काळची चूक नुसती जागेवर राहत नाही, ती शेजारच्या जमिनीलाही लागते. म्हणून नवे रस्ते सुधारले तरी आख्ख्या शहराची सरासरी हलायला पिढ्या जातात.

२०२० साली याच दोघांनी जगभरचे रस्ते घेतले, ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे आणि उपग्रहाची चित्रं वापरून. सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्क्यांत १९७५ नंतर बांधलेले नवे रस्ते आधीपेक्षा कमी जोडलेले निघाले, आणि २००० नंतर सुधारणा दिसली ती जेमतेम २९ टक्क्यांत. अमेरिका जे सोडायला लागलीय ते बाकीचं जग उचलतंय असा याचा एक अर्थ. त्यात गेट लावलेल्या वसाहतींत सापडतो तसा, लांबून वळसा घालायला लावणाऱ्या रस्त्यांचा प्रकार याच काळात जवळपास दुप्पट प्रमाणात दिसला.

गेटवरून आठवलं, व्हर्जिनियाच्या नियमातली खरी पळवाटही तीच होती आणि आहे. अट फक्त सरकारने सांभाळायच्या रस्त्यांना. बिल्डर म्हणाला की रस्ते खाजगी ठेवतो, रहिवाशांची संस्था सांभाळेल, आणि काउंटीची त्याला हरकत नसेल, तर त्याने कितीही बंद गल्ल्या काढाव्यात. घर विकताना हे फार आकर्षक वाटतं, स्वतःचा रस्ता, स्वतःचं गेट. डांबर नवं असतं तोवर संस्थेची वर्गणीही हलकी असते. वीसेक वर्षांनी सगळा थर उखडून नवा घालायची वेळ येते, गटारं बदलायची वेळ येते, तेव्हा पहिले मालक बहुतेक घर विकून गेलेले असतात आणि नवे मालक सरकारकडे अर्ज घेऊन जातात की आमचे रस्ते ताब्यात घ्या. पण तेव्हा जोडायला काही उरलेलं नसतं.

जिथे सरकार कॉलनीचा रस्ता ताब्यात घेतंच, काही न विचारता, तिथे हा दबाव चालणार नाही. आणि जिथे सरकार कधीच घेत नाही, सगळं खाजगी संस्थांवर सोडलेलं असतं, तिथेही चालणार नाही. व्हर्जिनियात तो चालला कारण बहुतेक बिल्डरांना रस्ता सरकारच्या गळ्यात घालायचा होता आणि सरकारला नाही म्हणायची सोय होती. दुसऱ्या ठिकाणी हा प्रयोग करायचा तर आधी बिल्डरला सरकारकडून नक्की काय हवं असतं ते शोधावं लागेल: पाण्याची लाइन, सांडपाण्याची जोडणी, मेन रोडला तोंड काढायची परवानगी, काहीतरी असतंच. मेन रोडला तोंड काढायची परवानगी तर जवळपास सगळीकडे लागते आणि ती देताना आतला नकाशा बघायला काहीच हरकत नसते, तरी बहुतेक ठिकाणी फक्त त्या तोंडाचं वळण आणि रुंदी बघून सही होते.

आधीच बांधून झालेल्या भागांचं काय, हा प्रश्न उरतोच. तिथे गाडीचा रस्ता काढणं विसरा. पण दोन घरांच्या कुंपणांमधून दहा फुटांची पायवाट काढता येते, सायकल आणि माणसं जातील एवढी, आणि परक्या गाड्यांची भीती नसल्यामुळे विरोधही तुलनेने कमी होतो, पूर्ण नाही, कारण चोर येतील ही शंका पायवाटेलाही चिकटतेच. नेदरलँड्समधलं हाउटन हे गाव तर मुळातच असं बांधलंय: गाडीने एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत जायचं तर बाहेरच्या रिंग रोडवरून वळसा, आणि सायकलने सरळ मधून. गाडीसाठी बंद आणि पायासाठी उघडं. म्हणजे रॅडबर्नचा जो अर्धा भाग बिल्डरांनी टाकून दिला होता, तोच यांनी आधी बांधला.